नैरोबी, नागपूरच्या अलीकडे

पिंपरीच्या औषधांच्या सरकारी कारखान्यात मी कामाला लागलो तेव्हा तिथल्या भिंतींना नव्या चुन्याचा वास येत होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन खाली उतरलेला मी पहिलाच. वडिलांनी निघताना सांगितलं होतं, "साहेब विचारील तेवढंच सांग, आणि खरं सांग." एवढीच शिदोरी घेऊन मी माल रवाना करण्याच्या खात्यात नाना दाबक्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

नाना त्या खात्याचे मुख्य कारकून. किरकोळ अंगाचे, डोक्यावर काळी टोपी, कोपरांवर चकाकणारा कोट. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "गाव?"

"करमाळा."

नानांनी कोटाची आणि सदऱ्याची वरची बटणं सोडली, आत हात घालून जानवं बाहेर काढलं आणि पिशवीतला शाळेतल्या मुलांचा असतो तसा नकाशासंग्रह उघडला. आमच्या घरी जानवं नव्हतं. मी ते देवळात पाहिलं होतं, नदीवर पाहिलं होतं, पण कचेरीत, कामाच्या वेळेत कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सरकारी नोकरीत शपथ घ्यावी लागते म्हणतात, ती हीच असावी. मी हात जोडले.

नानांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जानव्याची गाठ त्यांनी पुण्यावर धरली, दोरा ताणून करमाळ्याच्या अंदाजानं बोट टेकवलं, काहीतरी पुटपुटले आणि मान वर करून म्हणाले, "अर्धा तास."

मला खरं सांगायला बजावलेलं होतं. मी म्हटलं, "नाही साहेब, मला अख्खा दिवस लागला. बसनं जेऊरपर्यंत आलो, तिथून रेल्वेनं."

"तुम्ही कसे आलात ते मी विचारलंच नाही. विमानानं अर्धा तास."

"पण साहेब, करमाळ्याला विमान उतरत नाही."

"ते करमाळ्यानं बघावं," नाना बटणं लावत म्हणाले. "अंतर आमचं, उतरण्याची सोय तुमची."

नानांची माझी ओळख झाली ती अशी. पुढे चिंचवडात त्यांच्याच घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. त्या काळात माझ्यासारख्याला गावातल्या जुन्या आळीत खोली मिळणं सोपं नव्हतं. दोन घरांनी आधी आडनाव विचारलं होतं आणि मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं होतं. नानांनी फक्त गाव विचारलं होतं. हे मी अजून विसरलेलो नाही.

नानांच्या या छंदाचं मूळ त्यांच्या कामातच होतं. आमचं औषध कधी कधी तातडीनं दूरच्या शहरांना पाठवावं लागे. मुंबईपर्यंत कारखान्याची गाडी आणि तिथून विमान. कुठल्या शहराला किती वेळ लागेल हे साहेब विचारत, आणि ते सांगता सांगता नानांना त्याची गोडी लागली. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं, पण अंतर या विषयावर त्यांचं ठाम मत होतं. ते म्हणत, "मैल हा शब्द गाढवाच्या पाठीवर बसणाऱ्यांनी काढला. शहाण्या माणसानं अंतर वेळात मोजावं, आणि वेळ विमानाचा धरावा."

स्वतः नाना सायकलीवर येत. ती ते इतकी सावकाश चालवत की चिंचवडहून कारखान्याकडे येताना चरायला निघालेल्या म्हशी त्यांच्या पुढे जात. मी मागे बसलो की मला उतरून चालत जाण्याचा मोह होई. एकदा मी तसं म्हटलं तर म्हणाले, "बसा हो राऊत. कारखाना विमानानं मिनिटाच्या आतच आहे. मग घाई कशाला?"

मोजण्याची त्यांची पद्धत मला पुढे घरी राहायला गेल्यावर कळली. जानव्याच्या ब्रह्मगाठीपासून पुढे त्यांनी लाल शाईचे ठिपके दिले होते. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे शंभर मैल. गाठ निघण्याच्या गावावर, दोरा पोचण्याच्या गावापर्यंत, मधले ठिपके मोजायचे आणि विमानाच्या वेगानं भागायचं. युक्ती नामी होती. एवढंच, की आंघोळीला शाई धुऊन निघे आणि नानांच्या पोटावर उतरे. दर सोमवारी सकाळी ते पुसट झालेल्या त्याच ठिपक्यांवर पुन्हा शाई देत बसत, आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणत, "झालं का सोवळ्यात शाईकाम? राऊत, तूच सांग रे यांना. अंगावर गोवर उठल्यासारखा दिसतो माणूस. परवा शेजारच्या यमूनं आपली पोरं आत ओढून घेतली यांना बघून."

दुसरी अडचण अशी होती की सुताचा दोरा रोज भिजून आटतो. दोरा आटला की ठिपके जवळ येतात आणि गावं लांब जातात. त्यामुळे वर्षभर दिल्ली हळूहळू पुण्यापासून दूर सरकत असे. श्रावणीच्या आदल्या दिवशी ती सगळ्यात लांब गेलेली असे. श्रावणीला नाना नवं जानवं घालत, नवे ठिपके देत, आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली शंभरेक मैल अलीकडे आलेली असे. कारखान्यात कुणालाही पाकीट वेळेवर पोचायला हवं असेल तर तो श्रावणीनंतरचा मुहूर्त धरी. मी एकदा भीत भीत म्हटलं, "नाना, पट्टी वापरली तर?"

"पट्टी सरळ असते," नाना म्हणाले. "पृथ्वी गोल आहे. दोरा वाकतो."

नकाशा सपाट आहे, हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

कारखान्याच्या गाडीचा चालक शेखभाई हा नानांचा जन्माचा विरोधक. चिंचवडातलाच, तीन पिढ्यांचा. आजोबांचा टांगा, वडिलांचा टांगा आणि याची गाडी. नाना आकाशातलं बोलत, शेखभाई रस्त्यातलं.

एकदा कलकत्त्याला तातडीचं औषध जायचं होतं. नानांनी जानवं लावलं, हिशेब केला आणि साहेबांच्या सहीनं तार पाठवली की औषध आज संध्याकाळी तुमच्याकडे पोचतंय. शेखभाई पहाटेच्या आधी गाडी काढायला तयार होता. नाना म्हणाले, "उगीच कशाला अंधारात निघतोस? विमान दुपारचं आहे. मी सगळं मोजलंय." गाडी उजाडल्यावर निघाली. निघाली आणि चिंचवडच्या रेल्वे फाटकात अडकली. मालगाडी जात होती. ती गेली तर समोरून दुसरी. मग एका बैलगाडीचं जू फाटकातच निसटलं. पुढे खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा पडलेला होता. शेखभाई मुंबईच्या विमानतळावर पोचला तेव्हा त्याला आकाशात एक ठिपका दिसला, म्हणे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. कलकत्त्याहून उलट तार आली होती. औषध दुसऱ्या विमानानं गेलं आणि उपयोगी पडलं, पण साहेबांचं तोंड तारेनं पडलेलं होतं.

"दाबके, तुम्ही संध्याकाळ लिहिली होती."

"हो साहेब. विमान संध्याकाळी कलकत्त्याला पोचलं."

"औषध?"

नाना शांतपणे म्हणाले, "माझा हिशेब विमानाचा होता, साहेब."

बाहेर आल्यावर शेखभाई म्हणाला, "नाना, एक सांगू का? तुमचं विमान जगात कुठंबी जाईल. पर चिंचवडच्या फाटकातनं न्हाई सुटायचं."

"फाटक हे रेल्वेचं आहे," नाना म्हणाले. "विमानाचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"त्येच तर म्हन्तोय मी राव."

नानांना वाईट वाटलेलं मी एकदाच पाहिलं. पिंपरी कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडून ते महिन्याची साखर आणि चहा घेत. दुकानदार फाळणीत कराचीहून आलेला, वयस्क, कमी बोलणारा. नाना वाट पाहताना स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी सहज विचारलं, "शेठ, आपका गाँव?"

"कराची."

मी नानांचा कोट ओढला, पण बटणं सुटली होती. दुकानाच्या फळीवर नकाशा उघडला गेला, दोरा ताणला गेला आणि नाना आनंदानं म्हणाले, "कराची तो पासही है, शेठ. विमान से चार घंटे. सुबह निकलो, दोपहर का खाना कराची में."

दुकानदारानं तराजू खाली ठेवला. नकाशावरच्या त्या दोऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चार घंटे. अच्छा. और उतरूँगा किसके घर?"

नानांचं नेहमीचं उत्तर ओठांवर आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. दोरा गोळा करून आत टाकला, बटणं लावली आणि साखर न मोजता पिशवीत भरून घेतली. परतताना सायकल हातात धरून चालत आले. त्यानंतर कॅम्पात त्यांनी कुणालाही गाव विचारलं नाही. पण त्या दुकानात ते जास्त वेळ बसू लागले. दुकानदार कराचीच्या रस्त्यांबद्दल बोले आणि नाना ऐकत.

आता कुमुदच्या लग्नाची गोष्ट. नानांना दोन मुली. थोरली नागपूरला दिलेली. तिचं लग्न झाल्यापासून ती माहेरी एकदाच आली होती, आणि काकूंच्या मनात नागपूर हे गाव नव्हतं, ते एक दुखणं होतं. धाकटी कुमुद मॅट्रिक झालेली, शांत, डोळ्यांनी हसणारी. काकूंनी देवापुढे सांगून ठेवलं होतं की हिला पुण्यापलीकडे देणार नाही.

आणि स्थळ आलं नैरोबीचं. मुलगा श्रीधर तिथल्या रेल्वेत नोकरीला, रजेवर आलेला. त्याचे काका पुण्यात राहत. पाहायला आला तेव्हा त्यानं हुंड्याचा विषय काढला नाही आणि पोह्यांना नावं ठेवली नाहीत. निघताना कुमुदला म्हणाला, "काही विचारायचं असेल तर विचारा." कुमुद त्याला अंगणातल्या पारिजातकाजवळ काहीतरी विचारत उभी राहिली. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही.

ती मंडळी गेल्यावर काकू म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण नाही."

"का?" नाना म्हणाले.

"आफ्रिकेत आहे."

"असेना. आफ्रिका काय, वेळेत मोजायची."

नानांनी नकाशासंग्रह काढला. त्यांचा सगळा व्यवहार आजवर हिंदुस्थानच्या पानावर चालला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी हिंदी महासागराचं पान उघडलं. उजव्या कोपऱ्यात मुंबई, डावीकडे नैरोबी, मध्ये निळा रंग. गाठ मुंबईवर, दोरा निळ्यावरून पार. नाना ठिपके मोजून इतके खूष झाले की त्यांनी ते पुन्हा मोजले.

"पाच तास," ते म्हणाले. "पूर्ण पाच तासही नाहीत."

मी जवळच होतो. कुमुद दिव्याची काच पुसत उभी होती. तिनं पानाकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं, आणि काच पुन्हा पुसायला घेतली.

"एवढा समुद्र, आणि पाच तास?" काकू म्हणाल्या.

"समुद्रात वळणं नसतात. अगं, नागपूरला एक रात्र आणि एक दिवस जातो. नैरोबीला पाच तास. म्हणजे नैरोबी कुठं आली? नागपूरच्या अलीकडे."

काकू अशा हिशेबांना भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांचं स्वतःचं एक माप होतं. कुठलंही गाव त्या वाटेतल्या जेवणांत मोजत. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर किती जेवणांची शिदोरी द्यावी लागते, तेवढं ते सासर लांब. नागपूर दोन जेवणांचं, म्हणून लांब. पुणे एकाही नाही, म्हणून बरं. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "एकच सांगा. वाटेत जेवणं किती?"

"एक. सकाळी निघाली तर तेही नाही. थालीपीठ दे बांधून."

काकूंनी एक बोट दुमडलं. मग म्हणाल्या, "एका जेवणाचं असेल तर बघा बाई." एका थालीपिठावर कुमुदचं लग्न ठरलं.

कारखान्यात नानांनी पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर नैरोबीचं अंतर सांगितलं. शेखभाईनं पेढा तोंडात टाकला. "नागपूरच्या अलीकडं म्हन्ता नाना? म्हंजी बडनेऱ्याच्या आसपास आली नैरोबी."

"तू चेष्टा कर. पुढच्या दिवाळीला कुमुद सकाळी निघून संध्याकाळी चिंचवडात असेल."

"फाटक उघडं असंल तर," शेखभाई म्हणाला.

श्रीधरची रजा संपत आलेली असल्यामुळे लग्न घाईनं काढलं. चिंचवडात घरापुढे मांडव पडला. आदल्या दिवशी दुपारी श्रीधरचे काका मानपानाचं बोलायला आले. नाना पीतांबर नेसून देवकाच्या गडबडीत होते. मी जाजमं घालत होतो. काकूंनी सगळं बोलून झाल्यावर हात पुसत विचारलं, "आणि मुलीबरोबर द्यायचं काय? मी म्हटलं थालीपिठं करावीत, दोघांची मिळून एका वेळची. की विमानात वास येतो म्हणून चालत नाहीत?"

काका गोंधळले. "विमानात कशाला?"

"जाताना हो."

"जाताना आगबोट आहे, वहिनी, तिकडच्या किनाऱ्यापासून पुढे रेल्वे. विमान आम्हाला कुठलं परवडतंय? बोटीवर जेवण मिळतं दोन्ही वेळचं. तरी लोणचं, चटणी द्या. नऊ-दहा दिवसांत तोंडाला चव राहत नाही."

मांडवात हातात पाट घेतलेला माणूस पाट घेऊनच उभा राहिला. काकू ओट्यावर बसल्या. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन वेळची जेवणं, नऊ-दहा दिवस. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं आणि नानांकडे पाहिलं.

"एक जेवण म्हणालात."

"विमानानं," नाना म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते कशानं जाणार, हे विचारलंत?"

नानांनी विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं. जगात विमान असताना माणसं दुसऱ्या कशानं जात असतील, ही कल्पना मोजमापाच्या वेळी त्यांना कधी शिवलीच नव्हती. श्रीधरच्या काकांना आपण काय बोलून बसलो ते कळेना. ते म्हणाले, "मी जरा बाहेर पान खाऊन येतो," आणि गेले ते बाहेरच उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "मग मी नाही देत मुलगी."

पाहुणे गावागावांहून आलेले, आचारी चुलीपाशी, उद्याचा मुहूर्त. नाना एकदा बायकोकडे, एकदा तोरणाकडे बघत होते. मला त्यांच्यासाठी काही तरी करावंसं वाटलं, पण माझ्या पदवीत यावर काही नव्हतं.

तेवढ्यात कुमुद बाहेर आली. अंगाला हळद लागलेली होती. ती काकूंच्या शेजारी ओट्यावर बसली.

"आई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बोटीनं जायचं ते. मी त्यांना त्या दिवशीच विचारलं होतं. पारिजातकापाशी."

"आणि गप्प बसलीस?"

"तू नाही म्हणाली असतीस." कुमुद म्हणाली. "आणि बाबांचे ठिपके हिंदुस्थानच्या पानाचे होते. महासागराच्या पानाचं माप वेगळं आहे. खाली कोपऱ्यात लिहिलेलं असतं. शाळेत शिकवतात. पाच तास नाहीच होत, आई. विमानानंसुद्धा नाही होत."

नाना मटकन खाली बसतील असं मला वाटलं. पण ते ताडकन आत गेले. पीतांबर सावरत नकाशासंग्रह घेऊन आले, ओट्यावर आधी हिंदुस्थानचं पान उघडलं, खालचा कोपरा वाचला, मग महासागराचं पान उघडलं, खालचा कोपरा वाचला. मुलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं आणि हा माणूस बोटानं माप ताडून पाहत होता. शेवटी त्यांनी संग्रह मिटला.

"पोरगी बरोबर आहे," ते म्हणाले. "नैरोबी नागपूरच्या पलीकडे आहे."

"ते मला नकाशाशिवाय कळत होतं," काकू म्हणाल्या. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

नानांनी संग्रह काखेत धरला. ते उभेच राहिले. कुमुद आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, मला तो माणूस पसंत आहे. त्यानं मला खरं सांगितलं. लांब आहे म्हणाला, बोट लागते म्हणाला, तीन वर्षांनी रजा मिळते म्हणाला. सगळं ऐकून मी हो म्हटलंय. तू नाही म्हटलंस तर मी जाणार नाही. पण मग पुण्यातला कुणी दाखवू नकोस."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. हळदीचा हात त्यांच्या पदराला लागला होता, तो डाग त्या थोडा वेळ पुसत बसल्या. मग उठल्या आणि आचाऱ्याला म्हणाल्या, "मेतकूट कुटायला घ्या. दोन डबे लागेल." आणि जाता जाता नानांकडे न बघता म्हणाल्या, "त्या पाहुण्यांना आत बोलवा. किती वेळ पान खाणार आहेत?"

लग्न झालं. काकू नानांशी त्या दिवशी मंगलाष्टकं चालू असतानाच बोलल्या, तेही "अक्षता सांडताय" एवढंच. पुढे चार-पाच दिवस घरात मेतकूट, लोणची, लाडू आणि भाजणी यांचाच वास होता. नाना न बोलता डबे बंद करत, त्यांना फडकी बांधत आणि डब्यात काय आहे ते चिठ्ठीवर लिहीत. त्यांनी अंतर हा शब्द काढला नाही. कारखान्यात शेखभाईनंसुद्धा बडनेऱ्याचं नाव घेतलं नाही. उलट निघायच्या दिवशी तो स्वतःच साहेबांना विचारून गाडी घेऊन दारात आला. "चला काकू," म्हणाला, "फाटकवाल्याला सांगून ठिवलंय."

आम्ही मुंबईच्या बंदरात पोचलो तेव्हा धक्क्यावर दोरखंडांचा आणि माशांचा वास होता. कुमुद आणि श्रीधर शिडीवरून वर गेले. काकूंनी लाडवांचा डबा शेवटपर्यंत हातात ठेवला होता, तो खलाशाकडून वर पाठवला. मग शिट्टी झाली, दोर सुटले, आणि ती अवाढव्य बोट एखाद्या इमारतीला हलायचं मनात यावं तशी धक्क्यापासून सुटली.

धक्का आणि बोट यांच्यात आधी हातभर पाणी दिसलं. मग गाडीभर. कुमुद कठड्याशी उभी होती. तिचा चेहरा दिसत होता. बऱ्याच वेळानं चेहरा दिसेना, पण हिरवं लुगडं दिसत होतं. माणसं निघून जाऊ लागली. हमाल ओझी आवरून गेले. शेखभाई गाडीपाशी जाऊन बसला. हिरवा ठिपका अजून तसाच होता, आणि मग तोही बोटीत मिसळला, तरी बोट दिसत होती.

नाना धक्क्याच्या अगदी कडेला उभे होते, टोपी हातात घेऊन. मी त्यांना इतका वेळ एका जागी गप्प उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकू मागून आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नवऱ्याला दोन शब्द बोलतील. त्यांचा तो हक्कच होता.

नानाच आधी बोलले. समोर बघतच.

"विमान असतं तर केव्हाच दिसेनासं झालं असतं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि बोटीकडे पाहिलं. संध्याकाळचं पाणी चमकत होतं आणि ती बोट त्यावर मुळी हलतच नसल्यासारखी होती.

"चला," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या. "शेख खोळंबलाय."

"थांब गं," नाना म्हणाले. "अजून दिसतेय."

काकू थांबल्या.